फाट्यावरची रांग

मघापासून तुम्ही माझ्या हाताकडं बघताय, पावणं. जोतिबाच्या घाटात वळणावळणाला सगळे हॉर्न मारतात आणि हा बाबा नुसता ब्रेकवर पाय ठेवून का बसलाय, असं मनात आलं असणार. या जीपला हॉर्न नाही. मीच काढून टाकलाय. मालक बसवून आणतो, मी काढतो, आणि तो मला वेडा म्हणतो. वर पोचायला अजून अवकाश आहे, तोवर सांगतो. दोन हजार पाचच्या पुरातली गोष्ट आहे.

तेव्हा मी एका दूध संस्थेचा टेम्पो चालवायचो. नृसिंहवाडीच्या पलीकडं नदीकाठाला निंबमळा नावाची वस्ती होती. तिथं दूध घालायला खोली नव्हती, म्हणून फाट्यावर गाडी लावायची आणि हॉर्न मारायचा. एक लांब, दोन आखूड. तो ऐकला की बायका हातातलं काम टाकून किटल्या घेऊन रांगेत यायच्या आणि गाडीतल्या कॅनमध्ये दूध ओतायच्या. रांगेत सगळ्यात शेवटी माझी थोरली बहीण शिवलीला. मी तिला आक्का म्हणायचो. ती मुद्दाम मागं थांबायची, म्हणजे घटकाभर बोलता येई. फडक्यात भाकरी-चटणी बांधून आणायची आणि मी वाळलोय असं रोज सांगायची. तेव्हा माझ्या पँटचं बटण लागत नव्हतं.

पूर आला आणि दूध थांबलं. मदतकार्यासाठी आमच्या गाड्या मागून घेतल्या. त्याच दुधाच्या कॅनमधून मी छावण्यांना पिण्याचं पाणी पोचवायला लागलो. कधी धान्याची पोती न्यायची, कधी चादरीत गुंडाळलेलं माणूस. ड्रायव्हरला कोण विचारतंय. मागं ठेवलं की किल्ली फिरवायची.

एका शाळेतल्या छावणीत दाजी सापडले, राजशेखर. सोबत भाची शांभवी होती. आक्का नव्हती. पाणी चढलं तेव्हा नाव वस्तीत आली, आक्कानं पोरीला आधी नावेत बसवलं आणि म्हस सोडून आलेच म्हणत माघारी वळली. नाव थांबू शकली नाही. एवढं सांगून दाजींनी भिंतीकडं तोंड केलं, ते केलंच.

शांभवी पाच वर्षांची. घरातून निघताना तिनं स्वतःची छोटी किटली उचलली होती, ती कुशीत घेऊन झोपायची. अन्नाला शिवत नव्हती. आई आली की जेवीन, एवढंच. तुझ्या आईला मी आणतो, असं मी तिला सांगून बसलो. मामा दुसरं काय सांगणार? नावा दोनदा जाऊन रिकाम्या आल्या होत्या. तरी आक्का कुठल्यातरी झाडावर, नाहीतर पत्र्यावर बसून असेल, असं मी धरून चाललो होतो.

एका संध्याकाळी माळावरच्या वस्तीला पाणी वाटून परत निघालो. शेजारी निंबमळ्याचा म्हातारा केरबा बसला होता. घराचं आढं तरी दिसतंय का बघू, म्हणून आला होता. मागं रिकामे कॅन एकमेकांवर आपटत होते. फाट्याला आलो आणि गाडी बंद केली. तिथून रस्ता सरळ पाण्यात उतरत होता. कुजलेल्या उसाचा आंबूस वास डोक्यात चढत होता. पाऊस थांबलेला, पण बेडूकही ओरडत नव्हता. पाण्यावर अंधार हळूहळू उतरत होता.

मला वाटलं, नाववाले हाका मारून गेले, पण अनोळखी हाकेला आक्का कशी ओ देईल? हा हॉर्न मात्र ती झोपेतही ओळखेल. मी हात पुढं केला. केरबानं माझं मनगट धरलं.

“नगं मारूस, चन्नवीर. ह्यो हॉर्न ऐकला की निंबमळा उठतोय... आता तितं उठणारं कोन राहिलंय?”

मी मारला. एक लांब, दोन आखूड.

बराच वेळ काही नाही. मग किटलीच्या कडीचा आवाज आला. एक, मग दुसरी, मग पुष्कळ. पाण्यातून रस्ता वर येत होता त्या बाजूनं बायका येत होत्या, रांगेत, नेहमीसारख्या. मला आनंद झाला हो! जिवंत आहेत सगळ्या, असंच वाटलं. केरबानं तोंडावर घोंगडं ओढून घेतलं. मी उडी मारून मागचं फाळकं पाडलं. तहानेल्या असतील, आणि आपण कॅन रिकामे करून आलो, म्हणून मनात चरफडलो.

पहिली झुंबरबाई होती. तिला आदल्याच दिवशी मी चादरीत गुंडाळून नेली होती.

तिनं पाणी मागितलं नाही. किटली उचलून कॅनमध्ये ओतली आणि बाजूला झाली. तिच्यामागून दुसरीनं ओतली. हा हॉर्न ऐकून निंबमळ्यानं कधी काही मागितलं नव्हतं, दिलंच होतं. गाडी आता देण्यासाठी येते हे जगलेल्यांना ठाऊक होतं, यांना कोण सांगणार? माझ्या हातांनी सवयीनं कॅनच्या तोंडावर गाळायचं फडकं धरलं. डोळे मात्र रांगेच्या शेवटाकडं होते. आक्का दिसावी म्हणून इतके दिवस तळमळलो, आणि आता ती इथं दिसू नये म्हणून देवाला हात जोडत होतो.

ती शेवटी होती.

लुगडं निथळत होतं. हातात भाकरीचं फडकं नव्हतं. तिनं किटली तिरकी केली.

“थोडंच हाय आज... दाव्याची गाठ सुटंना रं. भिजून आवळली हुती.”

“आक्का...”

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “वाळलायस,” म्हणाली. मग गाडीत डोकावली. “शांभवी जेवली?”

मी हो म्हणून मान हलवली. खोटंच.

“तिला उभी कर की माझ्यामागं... रांग लई लांब हाय. मी जागा धरून ठिवती.”

पुढं मी गाडी कशी वळवली, आठवत नाही. एवढंच आठवतं, की खड्ड्यांच्या रस्त्यावर कॅनचा आवाज होत नव्हता. भरलेले कॅन आपटत नाहीत.

छावणीत झाकणं उघडली तर दूध. कोमट, आत्ता काढल्यासारखं. छावणीच्या साहेबांना वाटलं कुणीतरी दान दिलं. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि पोरांना वाटायला घेतलं. मी अडवलं नाही. शांभवीनं किटली भरून घेतली आणि एका दमात प्याली. “आमच्या म्हशीचं हाय,” म्हणाली, आणि त्या रात्री ती पहिल्यांदा शांत झोपली.

पाणी ओसरल्यावर म्हस गोठ्यात सापडली, खुंट्यालाच. आक्का शेजारी होती. तिची बोटं दाव्याच्या गाठीत अडकली होती. गाठ कापून हात सोडवावा लागला. आमच्यात मेलेल्याला जाळत नाहीत, मातीत बसवतात, पण बसवायला कोरडी माती कुठं होती? चिखलातच बसवली. मी हॉर्नची वायर उपटली आणि नदीत फेकली.

दाजी दिवाळी बघायला राहिले नाहीत. शांभवी कोल्हापुरात आमच्याकडंच असते. शहाणी पोर आहे, अभ्यासात पहिली. फक्त पावसाळा लागला की दिवेलागणीला किटली घेऊन उभी राहते. तिच्यापुढं कोणी नसतं. तरी थोड्या थोड्या वेळानं ती एक पाऊल पुढं सरकते. उचलून आत आणायला गेलो तर रडत नाही, भांडत नाही. “सोड की मामा, माझा नंबर जाईल,” म्हणते.

कोंडून बघितलं, तर बंद दाराला नाक लावून उभी राहिली. किटली लपवली, तर ओंजळ धरून उभी राहिली. वैद्य झाले, डॉक्टर झाले, या जोतिबालाही नवस बोलून झाला. पहिल्या वर्षी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात असायची. दुसऱ्या वर्षी सोप्यात. गेल्या पावसात अंगणात होती.

काल ती फाटकाबाहेर, माझ्या गाडीच्या मागच्या फाळक्यापाशी होती. पुढं सरकत नव्हती. किटली दोन्ही हातांनी वर धरली होती, ओतायला धरतात तशी. मी ओढून आत नेली, पण किटली हाताला जड लागली. सकाळी मी ती रिकामीच टांगली होती.

ते दिसलं का देवळाचं शिखर? आलोच आपण. तेवढं दर्शन लवकर उरका, पावणं. मला दिवेलागणीच्या आत घरी पोचायचंय.