तोंडातल्या टाचण्या

"सोमवारी तिला निवासी शाळेत सोडून येतो. तिचे कपडे भरून ठेव, ताई." शिलाई मशीनवर मान खाली घालून, ओठांत टाचण्या धरून भाऊ पुटपुटला, आणि आत्याच्या हातातली कात्री खणकन फरशीवर पडली!

दाराशी खेळणाऱ्या त्याच्या लेकीने, भिंगरीने, मानही वळवली नाही. जन्मापासूनच तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. समोरच्याचे ओठ बघून बोलणं कसं उचलायचं, हे आत्यानेच तिला रात्रंदिवस मांडीवर घेऊन शिकवलं होतं.

"अरे, पोटची पोर आहे ती तुझी! परक्यांत टाकतोस?"

"तिकडे तिच्यासारखीच मुलं आहेत. आणि तुझं काय, ताई? तिची आई गेली आणि तू ठरलेलं लग्न मोडलंस, भरतकामाची नोकरी सोडलीस, आता तिच्या सोबतीला तिसरीच्या पोरांत मागच्या बाकावर जाऊन बसतेस! माझ्या लेकीपायी तुझ्या आयुष्याचं मातेरं झालं... मला बघवत नाही गं!"

आत्याचा ऊर भरून आला. जे तिने जीव ओतून, हसतमुखाने केलं, त्याचं याला ओझं वाटावं? आणि त्या ओझ्यापायी त्याने स्वतःचं लेकरू दूर लोटावं? डोळे पुसून ती एवढंच म्हणाली, "उद्या गणवेशांसाठी शाळेत येणारच आहेस ना? तिचा वर्ग एकदा बघ. मग कपडे मीच भरीन."

दुसऱ्या दिवशी गळ्यात टेप अडकवून भाऊ वर्गात आला, तेव्हा आत्या मागच्या बाकावर बसली होती. या वर्गाची एक रीतच होती. ज्याला बोलायचं त्याने उभं राहायचं, भिंगरीकडे तोंड करायचं आणि एका वेळी एकानेच बोलायचं. बाईंनी ही रीत घातली होती एका भिंगरीसाठी. पण तिच्यामुळे अख्ख्या वर्गाचा मासळीबाजार थांबला होता, आणि ज्या बुजऱ्या पोरांचा आवाज गलबल्यात कधी वर आलाच नव्हता, तीही आता आपली पाळी आली की धिटाईने उभी राहत होती. भिंगरीसाठी बाई प्रत्येक गणित फळ्यावर चित्र काढून समजावू लागल्या, तेव्हा तिच्या शेजारच्या दोन वेण्यावालीच्या डोक्यातही अपूर्णांक शिरले. त्याआधी अपूर्णांक म्हटलं की तिचं पोट दुखायचं!

जुन्या गणवेशांची शिवण किती सोडायची ते बघत, टाचण्या लावत भाऊ एकेका मुलापुढून सरकत होता. भिंगरीपाशी येऊन तो सवयीने पुटपुटला, "हात वर..."

भिंगरी त्याच्याकडे टकामका बघत राहिली.

"अहो काका!" दोन वेण्यावाली तरातरा पुढे आली. "आधी तोंडातल्या टाचण्या काढा बघू! तिला कसं कळणार तुम्ही काय म्हणताय? आमच्या वर्गात असं नाही बोलत कुणी."

सगळ्या वर्गाने गंभीरपणे माना डोलावल्या. भाऊ ओशाळला. एकेक टाचणी काढून त्याने तळहातावर ठेवली आणि लेकीसमोर गुडघ्यांवर बसला. "हात वर कर, बाळा."

भिंगरीने हात वर केले. मग आपल्या जड, अस्पष्ट आवाजात ती काहीतरी बोलली. त्याला एक शब्द उमगेना! त्याने कावऱ्याबावऱ्या नजरेने बहिणीकडे पाहिलं. आत्या उठायला लागली, पण त्याआधीच दोन वेण्यावाली सहज म्हणाली, "ती विचारतेय, तुमचा राग गेला का? तुमचे ओठ नेहमी मिटलेले असतात ना, म्हणून तिला वाटतं, तुम्ही तिच्यावर रागावलेले असता."

आत्याच्या काळजात चर्र झालं. 'बाबा असं म्हणतात, बाबा तसं म्हणतात,' असं आजवर तीच सांगत आली होती... आणि त्या बापलेकींना एकमेकांकडे तोंड करून बोलायची वेळच आली नव्हती!

"नाही गं माझे राणी!" भावाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "मी कधीच रागावलो नव्हतो. कधीच नाही!" त्याने ते पुन्हा सांगितलं, सावकाश, तिच्याकडे बघत. ओठांवरून डोळे न हलवता भिंगरीने ते सगळं टिपून घेतलं आणि त्याच्या गळ्यात हात टाकले.

डोळे पुसत भाऊ म्हणाला, "कपडे भरू नकोस, ताई."

"नाही भरत. पण मागच्या बाकाचं तू बोललास ते खरंच आहे," ती हसली. "मला इथं बसायची गरज उरली नाही. आज तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही रे!" म्हणताना मनात बारीकशी कळ उठली, पण तिचा जीव मात्र भांड्यात पडला होता.

सोमवारी भरतकामाच्या कारखान्यात जायला निघालेल्या आत्याने उंबऱ्यातून मागे पाहिलं. मशीनवर वाकलेला भाऊ लेकीला काहीतरी सांगत होता, सवयीनेच, टाचण्या ओठांत धरून. आत्याचं तोंड उघडलं, पण तिने ते मिटून घेतलं.

दप्तर पाठीला लावलेली भिंगरी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने आपला इवलासा तळहात त्याच्या तोंडापुढे धरला. एक, दोन, तीन... निमूटपणे त्याने सगळ्या टाचण्या त्यावर ठेवल्या.

"हं," भिंगरी म्हणाली, "आता बोला."