बदलायला आणलेलं पुस्तक

“तुमचं कोणतं परत चाललंय?”

मागून आवाज आला, तेव्हा अर्नदिस हातमोजे दातांनी ओढून काढत होती. नाताळ उरकला की दुकानं उघडतात त्या पहिल्या सकाळी अख्खं अकुरेरी गाव पुस्तकांच्या दुकानात रांग लावतं. भेट आलेलं पुस्तक आवडलं नाही, किंवा एकच कादंबरी आई, सासू आणि शेजारीण अशा तिघींनी दिली, तर ते द्यायचं आणि हवं ते घ्यायचं. वरचं प्लास्टिक तेवढं फाटलेलं नसावं. यात कुणी कुणाचं वाईट वाटून घेत नाही.

तिने वळून पाहिलं. दाढीत बर्फ विरघळत असलेला एक उंच तरुण... आणि डोळे असे हसरे, की अर्नदिसची जीभ सैलच सुटली.

“हे बघा ना!” तिने जाडजूड ग्रंथ त्याच्यापुढे धरला. “पुरात वाहून गेलेल्या पुलांचा इतिहास! पूल गेले ते गेले, हा गृहस्थ सहाशे पानं त्यांच्यामागे धावलाय. नव्या पुस्तकांची यादी आली, तेव्हाच मी एका प्रेमकथेवर खूण करून ती मावशीच्या नाकासमोर टांगली होती. तरी हे दिलं! म्हणे, कधीतरी खरं काहीतरी वाच.”

“उघडून तरी पाहिलंत?”

“छे! दाराला टेकू लावायला बरं आहे.”

तो हसला, पण जरा उशिरा. “आणि प्रेमकथेत काय असतं हो? भेटतात, रुसतात, परत भेटतात.”

“भेटतात ना? तुमच्या त्या पुलांवरून तर कुणी पलीकडे पोचतच नाही!”

“हे मात्र खरं,” तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात गल्ल्यावरून दुकानाची मालकीण स्वावा ओरडली, “अरे काउरी! लेखकाने कशाला रांगेत उभं राहायचं? तुझे पूल मस्त चाललेत हं!”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं अर्नदिसला झालं. कानाच्या पाळ्या तापल्या. मग तिच्या लक्षात आलं, काउरीचे दोन्ही हात रिकामे होते.

“तुम्ही... बदलायला काहीच आणलं नाहीत?”

तोही लाल झाला. “नाही. माझं पुस्तक कोण कोण परत आणतंय, ते बघायला उभा होतो. हसू नका.”

ती हसली नाही. तिला रडू येत होतं. काय करावं ते सुचेना, म्हणून तिने नखाने प्लास्टिक टरकावलं. “झालं. आता स्वावा हे घ्यायची नाही.”

“कीव करून वाचू नका,” तो म्हणाला. “त्यापेक्षा टेकूच बरा.” आणि टोपी न घालताच तो बाहेर पडला. अकरा वाजत आले तरी उत्तरेकडच्या त्या हिवाळ्यात सूर्य अजून उगवला नव्हता.

अर्नदिसने पुस्तक वाचायला घेतलं ते निव्वळ लाजेने. गावाच्या पोहण्याच्या तलावावर जायचंही तिने सोडलं. जानेवारीत तिथल्या उघड्यावरच्या गरम पाण्याच्या टाकीत गळ्याइतक्या पाण्यात बसून सगळं गाव नव्या पुस्तकांवर वाद घालतं. काउरी तिथे असणारच! पण शेवटचं पान संपलं, त्या दुपारी तिला घरी बसवेना.

तो होता. वाफेत दोन म्हाताऱ्यांच्या मधे बसला होता. ती समोर जाऊन बसली.

“सुरुवातीची पानं कंटाळवाणी आहेत,” ती म्हणाली. म्हातारे बोलायचे थांबले. “तुळयांची मापं कुणाला हवीत?”

“मापं नसतील तर पूल का पडला ते कसं कळणार?” काउरी फणकारला.

“आणि पूल गेल्यावर दोन काठांवरून ओरडून लग्न ठरवतात, ते दोघं... तिथे मी इतकी रडले, की चुलीवरचं मटण करपलं.”

काउरी पुढे झुकला. “खरंच रडलीस?” त्याच्या तोंडून ‘तुम्ही’ कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

“रांगेत बोलले त्याची अजून लाज वाटते. तुला तोंड दाखवायला नको, म्हणून इकडे येत नव्हते.”

“मग आज कशी आलीस?”

“पुस्तक संपलं,” ती पाण्याकडे बघत म्हणाली, “पण तू... डोक्यातून जात नाहीस.”

एक म्हातारा उगाच खोकला. अर्नदिसचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

“गरम पाण्याने होतं असं,” ती घाईने म्हणाली.

“असं? मग थंड टाकीत चल. पाण्याने असेल तर दोघांचीही लाली उतरेल.”

बर्फावरून अनवाणी पळताना त्याने तिचा हात धरला. थंड पाण्यात शिरताच दोघांचा श्वास अडकला, दात वाजायला लागले.

“उ-उतरली का?” तिने विचारलं.

त्याने नीट निरखून पाहिलं. “नाही. माझी?”

“नाही.”

“मग निघायचं?”

“हो,” ती म्हणाली. पण निघालं कुणीच नाही.