नावाडी ऑफलाइन आहे

तो टिटवीच्या होडीत आला तो न बोलावताच.

टिटवी हे तिचं खेळातलं नाव. दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवायची आणि संध्याकाळी घरी आली की मोठ्या भावाच्या शेजारी बसून ऑनलाइन होड्यांचा खेळ खेळायची. एका होडीत दोघं, चहूकडे धुकं आणि पाण्यात दडलेले खडक. त्या दिवशी तिच्या जोडीदाराचं नेट गेलं आणि रिकाम्या जागी एक अनोळखी खेळाडू येऊन बसला. नाव नावाडी.

"पु... पु... पुढे ख... खडक!" हेडफोनमधून आवाज आला, तोवर होडी उलटलीसुद्धा.

ती खळखळून हसली. "अहो, तुमची लाइन फारच अडकतेय!"

पलीकडून हळूच, "हो... ला... लाइनच."

मग रोजच दोघं एका होडीत बसू लागले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. तो याच शहरात लिफ्ट दुरुस्त करायचा. बाजारामागं त्याचं वर्कशॉप होतं. बोलायचा कमी, पण तिच्या दुकानातल्या गमती ऐकून असा हसायचा, की तिचे कान गरम व्हायचे.

"एकदा भेटू या ना," ती म्हणायची.

"बघू..."

"दिसायला इतका वाईट आहेस?"

"त्याहून वा... वाईट," तो म्हणायचा, आणि विषय पाण्यात बुडायचा.

मग ती सुट्टीची दुपार आली. बाहेर वारा नुसता घोंगावत होता, खोलीत भरदुपारी अंधारून आलं होतं. तिनं खेळ उघडला. धुकं नेहमीपेक्षा दाट होतं. आजूबाजूच्या होड्या जागीच थिजल्या होत्या. वल्ही उचललेली, माणसं पुतळ्यांसारखी. फक्त तिची होडी हलत होती. समोर पाठमोरा नावाडी संथ वल्हवत होता.

"काय रे, आज लवकर?"

तो वळला नाही. पण आवाज आला. इतका स्वच्छ, की तो आपल्या मानेमागूनच बोलतोय असं तिला वाटलं.

"टिटवी, मला काही सांगायचंय. दोष लाइनीचा नाही. मीच अडखळतो, लहानपणापासून. तू लाइनीवर खापर फोडलंस आणि मी गप्प बसलो, कारण तुझं ते हसणं मला फार आवडलं होतं. भेटायला आलो, तर तू पुन्हा हसशील... आणि ते हसणं वेगळं असेल. मला तू आवडतेस. एवढंच."

कुठे अडखळणं नाही, मध्ये श्वाससुद्धा नाही.

"अरे, मी कशाला हसेन? ऐकतोयस ना?"

वल्ही पाण्यात पडत होती, पण त्यांचा आवाज येत नव्हता.

दादा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला. "कोणाशी बोलतेयस?"

"नावाड्याशी."

"वेडी का काय? त्याचं नाव बघ, राखाडी आहे. सकाळपासून ऑफलाइन आहे तो."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं पुन्हा पाहिलं. होडीत ती एकटीच होती.

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. नको ते मनात येत होतं. सकाळी दुकानाला दांडी मारून ती थेट वर्कशॉपवर गेली आणि अडखळत बोलणाऱ्या कारागिराची चौकशी केली.

"तो?" मुकादमानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "तो खाली गेलाय."

"खाली... म्हणजे?"

"अहो, इथल्या लिफ्टच्या खड्ड्यात. नव्या लिफ्टची चाचणी चाललीय."

ती खड्ड्याच्या कठड्यापाशी गेली आणि खालच्या काळोखात वाकली. "नावाडी?"

खाली चाललेली पान्याची खटखट थांबली. मग खालून, "टि... टि... टिटवी?"

तिनं डोळे मिटले. सुटकेचा श्वास जणू तळपायापासून वर आला.

तो शिडीनं वर आला. गालावर ग्रीस, डोळ्यांत धास्ती. तिनं विचारलं, "काल दुपारी कुठे होतास?"

"घ... घरीच. वाऱ्यानं तार तु... तुटली. दिवसभर नेट नव्हतं."

"मग बोललास कोणाशी?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला... कसं... मी बंद स्क्रीनसमोर बसलो होतो. हे... हेडफोन लावून. कोणी ऐकत नसलं, की मला नी... नीट बोलता येतं."

"मी ऐकत होते."

खड्ड्यातून गार हवा वर आली आणि लिफ्टचा दोर, कोणी हात न लावता, बारीक कंप पावत राहिला. नकळत तिनं त्याची बाही धरली.

"भी... भीती वाटतेय?" त्यानं विचारलं.

"वाटतेय. पण जाणार नाही. कालचं परत सांग. माझ्याकडे बघून सांग."

"वे... वेळ लागेल."

"लागू दे."

त्यानं सुरुवात केली. पहिल्याच शब्दावर अडला, लाल झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. मुकादमानं आतून हाक मारली, ती दोघांनीही ऐकली नाही. ती हसली नाही, त्याचा एकही शब्द तिनं पुरा करून दिला नाही. नुसती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. अखेर 'आवडतेस' हा शब्द तुकड्यातुकड्यांनी बाहेर आला, तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"मलाही," ती म्हणाली, आणि ओढणीच्या टोकानं त्याच्या गालावरचं ग्रीस पुसू लागली.