अकरा नावांएवढा वेळ

“चावी दे, ताई!”

धाकट्या भावाने हात पुढे केला आणि ताईच्या हातातला चहाचा पेला ओठांपाशी येऊन तसाच थांबला. बारा वर्षं ती चावी तिच्या कमरेला होती. झोपताना उशाशी, देवापुढे बसताना मांडीशी, आणि उरलेला सारा वेळ कमरेला! फिरत्या करवतीची चावी. चाकं लावलेली, गाडीमागे जोडून कुणाच्याही अंगणात नेता येणारी ती करवत म्हणजे या घराचा पोटापाण्याचा आधार होता. जिथे झाड पडे तिथे करवत जाई. खोड चौकटीवर चढे, बाजूच्या रुळांवरून करवतीचा गाडा ढकलत नेला की खोडातून फळी सुटे… ओली, सुवासिक, तोवर कुणाच्याही दृष्टीला न पडलेली! पहिली फळी उलटताना ताई नेहमी मनातल्या मनात हात जोडी. बंद खोडात, जिथे कुणी पाहणार नाही अशा अंधारात, एवढं सुंदर चित्र काढत बसणारा तो कोण असेल, या विचाराने तिला भरून येई.

“ऐकतेस ना? मास्तरांच्या अंगणातलं झाड आज मी कापणार. मी! तू नाही.”

“बाळ, मी येते की. तू खोड फिरव, फळ्या उचल…”

“फळ्या उचल!” धाकटा कडवट हसला. “एकतीस वर्षांचा झालोय मी. लोक विचारतात, तुमच्या धंद्यात तुम्ही काय करता हो? काय सांगू? ताईच्या मागे हमाली करतो? बाबांनी शिकवलेला पहिला नियम कोणता होता, सांग. चालत्या करवतीपुढे हात न्यायचा नाही! तो मोडलास तू. दोन बोटं घालवलीस तू. आणि करवतीला हात लावायची बंदी मात्र मला! हा कुठला न्याय?”

ताईने डावा हात नकळत पदराआड नेला. शेवटच्या दोन बोटांच्या जागी तिथे नुसते गुळगुळीत उंचवटे होते.

“आज चावी दिली नाहीस तर मी दुसऱ्याच्या वखारीत कामाला जाईन, दूर कुठेतरी. आणि मग पुन्हा तोंड दाखवणार नाही. तुझी करवत तुलाच लखलाभ!”

ताई मनात म्हणाली, अरे राजा, कसं सांगू तुला…

बारा वर्षांपूर्वीची ती सकाळ तिच्या डोळ्यांपुढे तरळली. एकोणीस वर्षांचा हा पोरगा ऐटीत गाडा ढकलत होता. उजव्या हाताने करवतीला वेग देणारी मूठ दाबलेली, डावा हात खोडावर सहज टेकलेला. आणि एकाएकी तो होता तिथे नाहीसा झाला! देह तिथेच उभा, डोळे उघडे, पापण्या किंचित फडफडत होत्या, पण आत कुणीच नाही. लहानपणी जेवताना, पाढे म्हणताना तो असाच हरवायचा. आई म्हणायची, “लेकरू देवाशी बोलतंय. त्याला सांगू नकोस हं, उगाच घाबरेल.” मोठेपणी ते सुटलं असं सर्वांना वाटलं होतं. पण त्या सकाळी मूठ दाबलेलीच राहिली, गाडा सरकतच राहिला, त्याच्याच हाताच्या दिशेने! ताईने समोरून झेप घेऊन त्याचा हात झटकला… आणि त्याचा हात वाचला.

भानावर आला तेव्हा त्याला दिसलं ते फक्त रक्त. “ताई, हे काय झालं गं?” म्हणून तो लहान मुलासारखा रडू लागला, आणि ताई वेदनेने काळीनिळी पडलेली असतानाही हसून म्हणाली, “माझीच चूक रे. साल काढायला मधेच हात घातला.”

त्या एका वाक्यावर तिने बारा वर्षं काढली. तिला बघायला येणाऱ्यांनी तो हात पाहून पाठ फिरवली, तेव्हाही ती हसलीच.

“वन्सं, द्या ना हो चावी,” दारातून भावजय म्हणाली. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली, तोंडाने फटकळ, मनाने निर्मळ. “रात्रंदिवस घरात धुसफूस. मला तर वाटतं, माझं लग्न या करवतीशीच लागलंय, हे नुसते मधे उभे होते!”

ताईने कमरेची गाठ सोडली. 

“घे. पण मी सोबत येईन. नुसती बसेन.”

“बैस. मात्र तोंडातून शब्द काढायचा नाही!”

“नाही काढणार.”

मास्तरांच्या अंगणात वाऱ्याने उन्मळलेलं झाड आडवं पडलं होतं. मास्तर त्याच्याभोवती येरझाऱ्या घालत होते. “याच्या सावलीत बसून मी तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या हो! आता याचंच कपाट करणार, म्हणजे म्हातारपणी तरी हे माझ्या चुका झाकेल.” असं म्हणून ते स्वतःच खो-खो हसले आणि कपाटाचं माप शोधायला घरात गेले. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

फळ्या उचलायला आज भावजय उभी राहिली आणि ताई भिंतीला टेकून एका ओंडक्यावर बसली. तोंडाला कुलूप, डोळ्यांत मात्र तेल.

आणि करवत सुरू झाली! भुसा उडू लागला, उन्हाच्या तिरिपेत सोन्याच्या धुळीसारखा तरंगू लागला. ओल्या लाकडाचा गोडसर वास साऱ्या अंगणात भरला. एक फळी सुटली, दुसरी सुटली, तिसरी… काय सफाईने कापत होता पोरगा! कुठे घाई नाही, कुठे लाट नाही, एका जाडीची, आरशासारखी फळी! यंत्राचा तो अखंड, एकसुरी नाद ऐकता ऐकता ताईला गुंगी आल्यासारखं झालं. भिंत, कुंपण, दोरीवरचे कपडे सारं त्या सोनेरी धुक्यात विरघळलं आणि त्यातून बाबा चालत येताहेत, लेकाच्या पाठीवर हात ठेवताहेत असं तिला दिसलं… देवा, बरा झाला की काय रे माझा भाऊ? मग ही बारा वर्षं मी कुणाला कोंडून ठेवलं? याच्या हातात एवढी कला होती, आणि मी याला ओझी उचलायला लावली! 

पण तेवढ्यात नाद बदलला.

अगदी किंचित. दुसऱ्या कुणाच्या कानाला कळलंही नसतं. खोडातून बाहेर पडलेली करवत मोकळीच फिरत होती आणि तिचा आवाज खाली येत नव्हता, कारण मूठ कुणी सोडली नव्हती. ताईने डोळे उघडले. धाकटा उभा होता, पापण्या फडफडत होत्या. गाडा त्याच्या अंगाच्या भाराने उलट, खोडाच्या दिशेने हळूहळू सरकू लागला होता. आणि फळी सुटली म्हणून निर्धास्तपणे भावजय वाकली होती, दोन्ही हातांनी खोडावरचा भुसा लोटत…

“देवा!”

ती कशी उठली, कशी धावली, तिचं तिलाच कळलं नाही. तिने यंत्राची चावी फिरवली. नाद तुटला. पातं घरघरत, रेंगाळत, भावजयीच्या कांकणांपासून वीतभर अंतरावर थांबलं!

भावजयीच्या तोंडचं पाणी पळालं. “अहो! डोळे फुटले का? माझे हात…”

“हाक मारू नकोस,” ताईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज शांत होता, पुष्कळ जुन्या सवयीचा. “तो आत्ता इथे नाही.”

आणि ती पुटपुटू लागली. एकेक श्वास, एकेक देवाचं नाव. एक… दोन… तीन… भावजय कधी नवऱ्याच्या त्या रिकाम्या नजरेकडे, कधी नणंदेच्या हलत्या ओठांकडे पाहत राहिली. अकराव्या नावाला धाकट्याच्या डोळ्यांत माणूस परतला.

“करवत कुणी बंद केली?” त्याने डोळे मिचकावले. मग चावीवरचा ताईचा हात त्याला दिसला आणि तो कडाडला, “ताई! शब्द दिला होतास ना? काम नीट पुरं करू दिलं नाहीस! तुला माझं बरं बघवतच नाही!”

ताईने मान खाली घातली.  

“गप्प बसा!” भावजय किंचाळली. तिला हुंदका आवरेना. “तुम्ही नव्हतात! उभे होतात आणि नव्हतात! घरीही असंच होतं तुमचं. हाक मारली की कितीतरी वेळाने ओ देता, आणि मी म्हणायची, बायकोकडे लक्षच नाही! या धावल्या नसत्या तर…” ती एकाएकी थांबली. तिची दृष्टी नणंदेच्या डाव्या हातावर खिळली. “वन्सं… तुम्ही साल काढायला हात घातलाच नव्हता ना?”

अंगणात भुसा अजून खाली बसत होता.

“खरं सांग, ताई,” धाकट्याचा आवाज फुटला. “कुणाचा हात होता तिथे?”

 ताईने त्याचा डावा हात उचलला, पाचही बोटं धडधाकट असलेला, आणि स्वतःच्या गालाला लावला…

तो मटकन खाली बसला. “आणि मी काय काय बोललो तुला! हमाली म्हणालो… न्याय विचारला तुला…” त्याने तिच्या पावलांवर डोकं टेकलं आणि ते एकतीस वर्षांचं शरीर गदगदून हलू लागलं.

“वेडा रे वेडा! ऊठ, मास्तर येतील.”

“येऊ देत!” भावजय डोळे पुसत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “पण वन्सं, तुमच्याही पाया पडू की तुम्हाला रागावू, कळत नाही बघा मला. याला औषध असतं! उद्या सकाळी डॉक्टरकडे, मी घेऊन जाणार. एवढं का लपवलंत हो?”

ताई कावरीबावरी झाली. हा प्रश्न तिने स्वतःला कधी विचारलाच नव्हता. “आई म्हणाली होती, घाबरेल… मग तुझं स्थळ आलं. वाटलं, मोडायला नको… माझं चुकलं का गं?”

“चुकलं,” भावजय म्हणाली, आणि तिच्या गळ्यात पडली. “आजपासून करवत मी शिकणार. तुम्ही शिकवायची. आणि हे,” तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं, “डॉक्टर सांगेपर्यंत लांब बसून सांगतील, खोड कुठून कापायचं ते. जीभ तर चांगली चालते!”

रडता रडताच धाकट्याला हसू फुटलं. मास्तर हातात माप घेऊन दारात आले, तिघांकडे पाहिलं आणि काय समजायचं ते समजून, चहा टाकायला मुकाट्याने परत आत गेले.

दुपार कलू लागली. धाकटा ताईच्या मांडीवर डोकं टेकून नुकत्याच कापलेल्या फळीकडे, तिच्यावरच्या तांबूस वलयांकडे पाहत होता. तो म्हणाला,

“ताई, मी जातो तेव्हा कुठे जातो गं?”

ताईने त्याच्या केसांतला भुसा एकेक कण करून वेचला.

“ते देवाला ठाऊक, बाळ. मला एवढंच माहीत आहे, अकराव्या नावाला तू परत येतोस. दहाव्या नावापर्यंत माझा जीव माझा नसतो.”

धाकट्याने तिचा तो तीन बोटांचा हात घट्ट धरला, आणि मग तिने केसांतला भुसा दुसऱ्या हाताने वेचायला घेतला.