आतली चिठ्ठी

"मेलं हे दार! सकाळी गुमान लागलं, आता बघा कसं तोंड वासून उभं राह्यलंय. तुझ्यापायी मी काय पेशंट सोडून कडीच लावत बसू का?"

उषाबाई नर्स दारालाच झापत होत्या. पण बेबीनंदा त्यांना इतकी खेटून उभी होती, की ही बोलणी आपल्यालाच बसली असं तिला क्षणभर वाटलं. तिनं वाकून पाहिलं. कडी आणि तिचं भोक यांच्यात बोटभर अंतर पडलं होतं. दाराचा काही गुन्हा नव्हता. खालची जमीन हलली होती.

वडीगोद्रीपासून चार किलोमीटर आत हे आरोग्य उपकेंद्र. बांधून जेमतेम वर्ष झालेलं. उत्तरेच्या कोपऱ्यातून एक भेग निघून बाळंतिणीच्या खोलीवरून तिरपी वर चढली होती. पावसाळ्यात ती मिटली होती, आता वैशाखात पुन्हा उघडली होती. भिंतीनं वर्षाचा एक श्वास घेतला म्हणा ना.

टक्.

आतल्या खोलीत कुणी बोटं मोडावीत तसा आवाज झाला.

"दोन वाजले," उषाबाई घड्याळ न बघता म्हणाल्या. "भारतभाऊ आला." आणि बेबीनंदाकडे लक्ष जाताच त्यांनी जीभ चावली.

भारत म्हणजे बेबीनंदाचा चौदा वर्षं कामावरचा सोबती. जालन्याच्या खासगी प्रयोगशाळेत दोघं शेजारच्या स्टुलांवर बसून माती तपासायचे. कोणती माती किती ओझं पेलेल, किती फुगेल, ते आकड्यात सांगायचे. दोन वर्षांपूर्वी, इथं इमारत नव्हती, नुसता तपासणीचा खड्डा होता, तेव्हा त्या खड्ड्याची कड भारतच्या अंगावर कोसळली. बरोबर याच उत्तरेच्या कोपऱ्यात.

भिंत का तडकली याच्या चौकशीला आलेल्या सरकारी इंजिनिअर चिन्मयी मॅडम वही काढून उषाबाईंसमोर बसल्या. इथल्या मातीचा अहवाल ज्या प्रयोगशाळेचा, तिथलं एक माणूस हजर हवं म्हणून बेबीनंदा आली होती. प्रयोगशाळा चालवणाऱ्या जगन्नाथ सरांना ऊन सोसत नव्हतं.

"त्या दिवशी तुम्ही होतात इथं?"

"मलाच बोलावलं ना नाडी बघायला. नाडी काय बघता, गार पडल्ते. बुद्धपौर्णिमा होती. नवाकोरा पांढरा शर्ट अंगात."

"खड्डा किती खोल?"

"पुरुषभर, थोडा जास्तच. ढासळलेली माती उपसली तर तळाला ते माती पोखरायचं लोखंडी गिरमिट उभंच्या उभं. मुठीपर्यंत रुतलेलं. दोघा गड्यांनी हिसके देऊन देऊन उपटलं."

चिन्मयीनं लिहिलं: गिरमिट सापडले. मग तिनं बेबीनंदासमोर एक कागद ठेवला.

"मावशी, हा अहवाल चौदा मेचा. दोन मीटरवर कडक मुरूम, पाया उथळ चालेल. चाचणी करणारा, भारत. तो वारला तेवीसला. तुमचे सर म्हणतात, खड्ड्यात गिरमिट विसरलं होतं, ते आणायला तो कुणाला न सांगता गेला."

बेबीनंदानं उगाच पदराला हात पुसले. बोटांना तेलाचा वास येतोय असं तिला वाटलं.

"आज मी शेजारीच नवा खड्डा खणून दोन मीटर खाली गेले," चिन्मयी म्हणाली, "मुरमाचा खडा नाही. पाया खणतानाही काळीच लागली होती, पण कागदावर विसंबून सगळे गप्प बसले. म्हणजे भारतनं नमुना न घेताच आकडे लिहिले. शुक्रवारी मला हेच लिहून द्यावं लागेल."

"ठेकेदारानं कागद बदलला असंल."

"कागद तुमच्याकडचाच आहे. बघा ना."

बेबीनंदानं पाहिला. मातीतलं पाणी मोजायला ओला गोळा अॅल्युमिनियमच्या डबीत घालून भट्टीत वाळवतात. त्यासाठी रिकाम्या डबीचं वजन आधी लिहायचं. कागदावर होतं: डबी क्र. ७, २१.१६ ग्रॅम. वरणात खडा लागावा तसं तिला काहीतरी लागलं. कुठं ते कळेना. तिनं आकडा पेनानं मनगटावर लिहून घेतला.

निघताना तिनं नव्या खड्ड्यातली चिमूटभर माती भिजवून दोन तळव्यांत वळली. शेवईसारखी बारीक वळी झाली, तरी तुटेना. अशी चिवट माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि दारांना भुतं लागतात. हे तिला पाठ होतं. पण हीच माती त्याच्या छातीवर बसली होती, हे आठवलं आणि तिनं हात झटकले. माती निघाली नाही.

*

संध्या अंबडला राहायची. भारतची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिनं पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "काय लिहिणार हायेत, ताई?"

बेबीनंदानं सांगितलं.

"माणूस गेला, ते सोसलं मी. पण खोटारडा?" संध्याचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "शुक्रवारी लिहून देतील, शनिवारी पेपरात येईल, सोमवारी माझीच पोरं वर्गात वाचतील. त्या दवाखान्यात उद्या कुणावर भिंत पडली तर ती बी त्यांच्याच नावावर. काय बी करा, पण तेवढं होऊ देऊ नका."

"त्या दिवशी जाताना काय म्हणाला?"

"म्हणाले, खिरीला उकळी फुटायच्या आत येतो. कुठं ते न्हाई सांगितलं. सणाला कामावर चाल्लो म्हटलं तर मी भांडले असते ना."

"कामावर कशावरून?"

"डबा नेल्ता. खिरीआधी येणारा माणूस डबा कशाला नेईल? नंतर ध्यानात आलं माझ्या."

"शेवटचा फोन कुणाला होता?"

"सरांना. अकरा चाळीसला. मी विचारलं सरांना. म्हणाले, पौर्णिमेच्या शुभेच्छा द्यायला केल्ता." संध्यानं चार बोटं वर केली. "चार मिनिटं शुभेच्छा."

बेबीनंदानं नजर वळवली. ती खिडकीतल्या मोगऱ्यावर जाऊन अडली. सिमेंटची कुंडी उभी चिरलेली, तारेनं आवळलेली. माती कडेपासून सुटून आत ओढली गेली होती. फटीत सहज बोट गेलं असतं.

"ही माती कुठली गं?"

"त्यांच्या गाडीच्या डिक्कीतली. गाडी घरी आली तव्हा पिशवी होती आत. फेकवेना, म्हणून रोप लावलं. लई हट्टी माती, ताई. पाणी घातलं की फुगती. कुंडी फोडली तिनं."

"पिशवीला चिठ्ठी होती?"

"असंल. भिजून लगदा झाल्ता."

बेबीनंदा उठून उभी राहिली. नमुन्याच्या पिशवीला चिठ्ठी सगळेच बांधतात. भारत दोन लिहायचा. एक बाहेर, एक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मातीच्या पोटात. सगळे हसायचे. तो म्हणायचा, "बाहेरची उंदरासाठी, आतली सरांसाठी."

"संध्या, कुंडी उलटी करावी लागंल. रोप जाईल कदाचित."

संध्यानं मोगऱ्याकडे पाहिलं. चार कळ्या होत्या. ती आत गेली आणि जुनी बादली घेऊन आली. "यात धरते मी. तुम्ही करा."

मुळांच्या जाळीत, अगदी तळाशी, ती घडी सापडली. पेन्सिलीचं अक्षर शाबूत होतं: खड्डा १. खोली २ मी. २३ मे, सकाळी ११.

संध्या बादलीसकट खाली बसली. मुळांची माती हातानं पुन्हा पुन्हा दाबत राहिली. दाबता दाबता म्हणाली, "मंग तो चौदा तारखेचा कागद कुणी लिहिला?"

बेबीनंदानं रिकामी पिशवी मागून घेतली आणि कुंडीतली माती तीत भरली.

*

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत पोचली. खुंटीवर भारतचा खाकी ॲप्रन दोन वर्षं तसाच लटकत होता. कुणी काढा म्हणालं नव्हतं, कुणी वापरलाही नव्हता. पंखा लावला की तो हलायचा, आणि सगळे त्या वेळी दुसरीकडे बघायचे.

कुंडीतली माती वाळवून, चाळून तिनं दोन काचनळ्यांत घातली. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. काळी माती रॉकेलात फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक म्हणजे तिचा स्वभाव. आता उद्यापर्यंत थांबायचं.

मग तिनं भिंतीवरची डब्यांच्या वजनांची यादी पाहिली. तिच्याच हस्ताक्षरातली. डबी क्र. ७: २१.१६.

तिनं पुठ्ठा खिळ्यावरून काढला. भारत गेल्यावर जूनमध्ये पहिल्यांदा कामावर आली, तेव्हा त्या ॲप्रनकडे बघताना कोपर लागून डब्यांचा अख्खा ढीग फरशीवर पडून चेपला. नव्या डब्या आल्या, तिनं नंबर ठोकले, वजनं केली, आणि नवा पुठ्ठा कशाला म्हणून जुनाच उलटा करून त्यावर लिहिलं.

तिनं पुठ्ठा उलटा केला.

नंतर दिवसभर ती मान खाली घालून माती चाळत राहिली. जगन्नाथ सरांनी दोनदा विचारलं, "बेबी, बरं नाही का गं?" सरांचं वय चौऱ्याहत्तर. नववी पास बाईला माती वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. चिमूट दाताखाली धरून ते मातीचा आकडा सांगायचे आणि चाचणीत तोच यायचा. लांबून लोक बघायला यायचे.

*

शुक्रवारी सकाळी टेबलाभोवती चौघं बसले होते. चिन्मयी, संध्या, सर, आणि आपल्याच स्टुलावर बेबीनंदा. मधे दोन काचनळ्या. रॉकेलातली माती दहाच्या रेघेवर निजली होती. पाण्यातली अठरावर चढली होती.

"ऐंशी टक्के फुगली," चिन्मयी वाकून म्हणाली. "अहवालात बारा आहे."

"मॅडम, ही माती भारतनं खड्ड्याच्या तळातून काढलेली. ही तिच्या पोटातली चिठ्ठी. तेवीस मे, सकाळी अकरा." बेबीनंदानं ती हलकेच पुढे सरकवली. "चौदाला चाचणी उरकली, तर तेवीसला नमुना कशाला काढायचा?"

चिन्मयीनं चिठ्ठीवरची तारीख अहवालावरच्या तारखेशी ताडून पाहिली.

"आता गिरमिट. उषाबाईंनी सांगितलं, मुठीपर्यंत रुतलं होतं. विसरलेलं गिरमिट आडवं पडतं. हे उभं होतं, म्हणजे कुणीतरी फिरवत होतं. आणि कडक मुरमात हातानं फिरवलेलं गिरमिट मुठीपर्यंत जातं का? तळाशी मुरूम नव्हता, हे त्या दिवशी गिरमिटानंच सांगितलं होतं. आपण ऐकलं न्हाई."

"मग हा कागद?" चिन्मयीनं विचारलं.

बेबीनंदानं पुठ्ठा टेबलावर ठेवला. "डबी सात. कागदावर वजन एकवीस पूर्णांक सोळा. ती डबी जूनमधली. भारत होता तव्हाच्या डबीचं वजन ह्या उलट्या बाजूला हाय. अठरा पूर्णांक बेचाळीस. चौदा मेला जी डबी जगातच नव्हती, तिच्यात भारतनं माती तोलली कशी?"

"म्हणजे कागद तो गेल्यावर लिहिला. कुणी?"

"भिंतीवरची यादी बघून लिहिणारे इथं तव्हा दोघंच होतो. मी लिहिला न्हाई."

पंख्याखाली ॲप्रन हलला. या वेळी सगळ्यांनी तिकडेच पाहिलं.

"हायवेच्या खोदकामात दीड-दोन मीटरवर मुरूम लागल्ता," बेबीनंदा म्हणाली. आता ती चिन्मयीशी नाही, सरांकडे बघून बोलत होती. "त्यावरनं इथं बी असणारच, असा अंदाज धरला. माती दाताखाली धरून आकडा सांगणारा माणूस, अंदाज चुकत न्हाई त्याचा. पण भारत सुट्टीच्या दिवशी, एकटा, बिनटेकूच्या खड्ड्यात कामावर गेल्ता, हे कळलं असतं तर पाठवणाऱ्याला जबाब द्यावा लागला असता. म्हणून काम आधीच झालं असं दाखवायला चौदा तारीख घातली. चाचणी करणारा म्हणून त्याचंच नाव. मेलेलं माणूस न्हाई म्हणायला येत न्हाई."

"बेबी," सर म्हणाले. एवढंच.

"आणि सर, माझं बी ऐका. बावीसच्या संध्याकाळी ते गिरमिट मी तेल लावून ह्या खुंटीला अडकवलं होतं. ते खड्ड्यात विसरलंच नव्हतं. तुम्ही पोलिसांना सांगत होतात तव्हा मी ह्याच स्टुलावर बसून होते. तुम्ही मला शिकवलं म्हणून गप्प बसले. दोन वर्षं गप्प बसले." ती संध्याकडे वळली. "तुला तोंड दाखवायची लायकी न्हाई माझी."

संध्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. ती सरांकडे बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता. चौथीच्या पोराला खरं सांगायला वेळ देणाऱ्या बाईची नजर होती ती.

"चार मिनिटं काय बोलले ते, सर?"

सरांनी पाण्याची काचनळी उचलली, उजेडात धरली. अठराची रेघ दोनदा वाचली. खाली ठेवताना काच टेबलावर वाजली, टक्.

"त्यानं विचारलं," सर म्हणाले, "'सर, तळापर्यंत काळीच हाय. कड बी सुटून राह्यलीय. वर येऊ का?'"

त्यांनी चष्मा काढला.

"मी म्हणालो, मुरूम आहे तिथं, मला माहीत आहे. गिरमिट लाव, अजून मीटरभर खाली जा."