कप्तानाचा डावा गाल

"हात द्या मॅडम. आणि पाण्यातच पडायचं असेल तर आधी सांगा, म्हणजे मी मध्ये येत नाही."

धक्का आणि लाँच यांच्यामध्ये हातभर पाणी हलत होतं. ती एक पाय इकडे, एक पाय तिकडे अशी अडकली होती. मागून मावशी "अगं, चढ की आता!" म्हणून ढोसत होती, आणि समोर लाँचवाल्याने हात पुढे केला होता. हात चांगला भक्कम होता. केस वाऱ्याने विस्कटलेले, चेहरा उन्हाने रापलेला, आणि डोळे तर असे हसरे की दुसऱ्या कुठल्याही मुलीने आधी तेच पाहिले असते. पण आमच्या या मुलीने काय पाहिलं? त्याचं तोंड. तेही डाव्या बाजूने… टक लावून!

बघता बघता तिच्या पायातली चप्पल सुटली आणि डुबुक्कन पाण्यात गेली.

त्याने आकड्याच्या काठीने ती बाहेर काढली, झटकली आणि तिच्या पायाशी ठेवली. "घ्या. समुद्राला तुमचं माप बसलं नाही."

ती बघतच होती. तेव्हा मात्र तो उंचापुरा गडी कानापर्यंत लाल झाला आणि उगाचच जाऊन इंजिन पुसायला लागला.

आता गोष्ट अशी, की ती दातांची डॉक्टर होती. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावायचं हेच तिचं काम. माणसाचा डावा गाल जरासा फुगलेला, बोलताना जबडा एकाच बाजूने उघडतोय, जवळ आला की लवंगेचा वास… एवढं कळल्यावर तिच्यापुढे चेहरा उभाच राहीना, थेट एक्स-रे उभा राहिला. खालची डावी, शेवटून दुसरी. दाढ साफ किडलेली.

पण बोलायची सोय नव्हती. मावशीची शपथ होती ना!

झालं होतं असं, की मामेबहिणीच्या लग्नात कुणीतरी "ही दातांची डॉक्टर" अशी ओळख करून दिली आणि जेवणाच्या ताटासकट पाहुण्यांची रांग तिच्यापुढे लागली. नवऱ्या मुलाच्या काकांनी तर अख्खी कवळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. मावशी शाळेतून निवृत्त झाली होती, पण तिचा आवाज अजून नोकरीवर होता. त्याच आवाजात तिने निघताना बजावलं, "हे बघ ठकू. वर्षानुवर्षं तुला सुट्टी माहीत नाही. मी तुला समुद्रावर नेतेय ती विश्रांतीसाठी. तिथे दात हा शब्द काढलास, किंवा तू कोण हे कुणाला सांगितलंस, तर माझी शपथ आहे!"

गाव होतंही विश्रांतीसाठीच जन्माला आल्यासारखं. दुकानदार दुकान उघडं टाकून झोपत. कुणाला साबण हवा असेल तर त्याने तो घ्यावा आणि झोपलेल्या माणसाला न उठवता जावं. खाडीपलीकडे जाणारी लाँच भरली की सुटे, आणि कुणी घाई केली तर जरा उशिरा सुटे. ती चालवणाऱ्याला सगळे कप्तान म्हणत. त्याच्या हाताखाली तो स्वतः सोडून कुणीच नव्हतं, पण ते असो.

मावशीने खोलीत शिरताच खिडकीपाशी आरामखुर्ची ओढली आणि घोरायला लागली. ठकूला मात्र चैन पडेना. ती दाढ तिच्या डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी ती लाँचने पलीकडे गेली, तिथे काहीच काम नव्हतं म्हणून त्याच लाँचने परत आली. संध्याकाळी पुन्हा गेली, पुन्हा आली.

"पलीकडे कुणी ओळखीचं आहे वाटतं?" कप्तानाने विचारलं.

"नाही… हवा चांगली आहे."

"अलीकडची खराब आहे?"

"तीही चांगली आहे."

"मग बसा मधोमध," तो म्हणाला, आणि आपल्याशेजारची फळी रुमालाने पुसून दिली. ती बसली, नेमकी डाव्या बाजूला. त्याने चोरून पाहिलं तर बाईसाहेबांची नजर पुन्हा त्याच्या ओठांवर! त्याच्या हातातलं सुकाणू घसरलं आणि लाँच एका होडीला घासून गेली.

तिसऱ्या दिवसापासून कप्तान इस्त्रीचा शर्ट घालायला लागला.

एकदा दुपारी त्याने लाँच भरायची वाट न बघताच सोडली. लाँचवर दोघंच होती. त्याचा चेहरा जरा ओढल्यासारखा दिसत होता. तिला राहवेना.

"तुम्हाला हल्ली झोप लागत नाही ना?" तिने हळूच विचारलं.

तो दचकला. "तुम्हाला कसं कळलं?"

"जेवणही जात नसेल."

"अजिबात नाही!"

"आणि एकदम… कळ येते? आतून?"

"येते," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "तुम्ही दिसलात की जास्तच."

तिला नवल वाटलं. आपल्याला बघून दुखणं वाढणारे पेशंट तिने पुष्कळ पाहिले होते, पण त्यांना निदान ती डॉक्टर असल्याचं ठाऊक असायचं.

"कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा," ती पुटपुटली.

"त्याने हे जाईल?"

"जाणार नाही. पण जरा उतरेल."

"मग नाही करत," कप्तान समोर बघत म्हणाला. "मला उतरायला नकोय."

त्याने खाडीच्या मध्यावर इंजिन बंद केलं. म्हणाला, कुणाला घाई असेल तर त्याने पोहत जावं. लाँच आपली हलत राहिली. कठड्यावर पक्षी येऊन बसले, तर त्याने त्यांची ओळख करून दिली. हा जाडा तो आमचा पोस्टमास्तर, काही करत नाही, नुसता बघतो. ती बारीक चोचीची पोस्टमास्तरची बायको, ती त्याला काही करू देत नाही. ठकू हसता हसता वाकली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसताना तिच्या लक्षात आलं की कितीतरी वेळ तिने त्याच्या गालाकडे पाहिलेलंच नाही. ती त्याच्या डोळ्यांकडे बघत होती. उजव्या डोळ्याखाली एक बारीकसा तीळ होता. आता हा तीळ काही दुखत नव्हता, त्यावर इलाज नव्हता, मग तो आपण का बघतोय?

"ठकू," त्या संध्याकाळी मावशी एक डोळा उघडून म्हणाली, "तू त्या पोराकडे ज्या नजरेने बघतेस ना, तसं तुझ्या काकांनी उभ्या जन्मात एकदा माझ्याकडे बघितलं असतं, तर मी त्यांच्याशी एवढी भांडले नसते."

"मावशी, मी त्याची दाढ बघते."

"हो का? मग केस धुऊन, नवा ड्रेस घालून दाढ बघायला जातात हे मला नवीन आहे."

निघायचा दिवस जवळ आला तसा कप्तानाने धीर केला. सूर्य बुडायच्या वेळी त्याने तिला धक्क्याच्या टोकाशी गाठलं. मागे सगळं गाव, आपण काही ऐकत नाही अशा आविर्भावात, कान देऊन बसलं होतं.

"मला नीट बोलता येत नाही," तो म्हणाला. ते खरंच होतं, गाल बराच सुजला होता. "पण तुम्ही आल्या दिवसापासून… माझ्याकडे… असं कुणी कधी बघितलं नव्हतं मला. आधी वाटलं, तोंडाला काही लागलंय. मग वाटलं… म्हणजे… मला तुम्ही आवडता. फार आवडता."

तिचं अंग मोहरून गेलं. 'मलाही' हा शब्द अगदी जिभेवर आला होता… आणि नेमकं त्याच क्षणी घाबरून त्याने जबडा आवळला, "स्स्!" केलं आणि गालावर हात दाबला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

"खालची डावी, शेवटून दुसरी," ती खाडकन बोलून गेली. "आत पू झालाय. काढावीच लागेल."

कान देऊन बसलेलं गाव आता उघड उघड मान वळवून बघायला लागलं.

"तुम्ही…" कप्तानाचा चेहरा पांढराफटक पडला. "दातांच्या डॉक्टर आहात?"

"हो."

"म्हणजे एवढे दिवस तुम्ही माझी दाढ बघत होतात."

"हो… म्हणजे नाही! आधी हो, पण मग—"

पुढचं ऐकायला तो थांबला नाही. मागे पहिलं हसू फुटलं, मग दुसरं, आणि तो त्या हसण्यातून मान खाली घालून ताडताड निघून गेला.

खोलीवर येताच तिने उशीत तोंड खुपसलं. "त्याचं सगळ्या गावात हसं केलं मी, मावशी! आता सगळे त्याला हसणार."

"हसू दे. हसतील त्यांचे दात दिसतील."

"दातांचं नाव काढू नकोस!" ती ओरडली आणि ढसाढसा रडायला लागली. तो आपल्याला आवडतो, हे तिला इतकं स्वच्छ कळलं होतं, आणि कळून काही उपयोग उरला नव्हता. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सकाळी मात्र तिने स्वतःच शपथ मागे घेतली, ठकूने सांगितलेल्या गोळ्या आणल्या आणि कप्तानाच्या घरी जाऊन आपल्या डोळ्यांदेखत त्याला घ्यायला लावल्या. मावशीला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा होता.

गोळ्यांनी सूज उतरली, कळ थांबेना. निघायच्या दिवशी कप्तान कामावर आलाच नाही. लाँच त्याचा थोरला भाऊ नेणार होता. ठकू सामान धक्क्यावर टाकून तडक त्याच्या घरी गेली. दार आतून बंद होतं.

"जा तुम्ही," आतून आवाज आला. "मला डॉक्टर नको."

"ती दाढ मी अशी सोडून जाणार नाही."

"दाढेसाठीच आलात ना?"

"आधी दाढ. भांडण नंतर." एवढ्यात मागून आलेल्या मावशीने दारावर एकच थाप मारली आणि आतली कडी निघाली.

गावातल्या लहानशा दवाखान्यात दातांची खुर्ची होती. तिथले डॉक्टर अधूनमधून बाहेरून येत. तिने फोनवर त्यांची परवानगी मागितली तर ते म्हणाले, "अवश्य काढा! मी धक्क्यावर दिसलो की तो लाँच उलटी फिरवतो. मी हल्ली लांबच्या रस्त्याने येतो." असा हा शूर कप्तान खुर्चीत बसला तेव्हा त्याने दोन्ही हातांनी मावशीचा हात धरला होता. मावशी "अरे, माझ्या बांगड्या!" म्हणून ओरडत होती. भूल दिली, थोडी खटपट झाली, आणि दाढ निघाली. त्याला कळलंसुद्धा नाही.

"झालं," ती म्हणाली. तिने जखमेवर कापसाची घडी ठेवली. "दाबून धरा. आता अर्धा तास तोंड उघडायचं नाही. बोलायचं तर मुळीच नाही."

मावशीला काय वाटलं कोण जाणे, ती "सामान बघते हं" म्हणत बाहेर सटकली.

ठकू हात धुत राहिली, गरज नसताना पुन्हा धुतले, आणि पाठमोरीच बोलायला लागली. "बरं झालं तुम्हाला बोलता येत नाही. नाहीतर मला धीर झाला नसता. मी रोज कितीतरी लोकांच्या तोंडात बघते. संध्याकाळी एकाचाही चेहरा आठवत नाही. रस्त्यात भेटले तर ओळखत नाही मी त्यांना. आणि तुमच्या… उजव्या डोळ्याखाली एक तीळ आहे. हसायच्या आधी तुम्ही भुवई उचलता. रागावलात की कान लाल होतात, लाजलात तरी होतात. हे मी कधी पाठ केलं मला ठाऊक नाही. पहिल्या दिवशी मी दाढच बघत होते, खोटं कशाला बोलू? पण नंतर नाही. तुम्ही मला आवडता. दाढेसकट आवडत होतात, आता दाढेशिवायही आवडता."

"ऊं!" मागून आवाज आला.

"बोलायचं नाही म्हटलं ना!"

धक्क्यावरून लाँचचा भोंगा वाजला. तिने पर्स उचलली, डोळे पुसले आणि वळली. "उत्तर नकोच आहे मला. गोळ्या वेळेवर घ्या. येते मी."

कप्तान खुर्चीतून उठला नाही. त्याने तोंड गच्च मिटून ठेवलं होतं, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याने फक्त बोट वर केलं आणि आपल्या उजव्या गालावर टेकवलं.

"काय? तिकडेही दुखतंय?"

त्याने मान डोलावली.

तिने आत्ताच सगळं तोंड तपासलं होतं. उजवीकडचे दात लोखंडासारखे होते. "तिकडे काही झालेलं नाही."

त्याने बोट वरच्या ओठावर नेलं. मग जरा बाजूला, मग आणखी बाजूला. प्रत्येक ठिकाणी थांबून तो अगदी कळवळल्याचा चेहरा करत होता.

"सगळेच?" तिने विचारलं. "एकूण एक दुखताहेत?"

त्याने जोरजोरात मान डोलावली. भुवई वर गेली होती. कान लालभडक झाले होते.

भोंगा पुन्हा वाजला. दाराआडून मावशीचा खणखणीत आवाज धक्क्यापर्यंत गेला, "निघा हो तुम्ही! आमचं सामान धक्क्यावरच राहू द्या!"

ठकूने पर्स खाली ठेवली. ती खुर्चीपाशी आली, दोन्ही हातांत त्याचा चेहरा धरला आणि तो धडधाकट उजवा गाल अगदी बारकाईने, मोठ्या गंभीरपणे तपासला. आजवर तिने एकाही पेशंटला खोटं सांगितलं नव्हतं.

"फारच खराब आहेत," ती म्हणाली. "आणि मी एका वेळी एकच बघते. म्हातारपणी सगळे दात पडेपर्यंत दाखवायला यावं लागेल."