खांद्याची खोटी तक्रार

सुलक्षणाताईचा डावा खांदा असा ठणकत होता, की तिच्यासारख्या कसलेल्या पैलवान मुलीच्याही डोळ्यांत पाणी आलं. आणि गंमत बघा, हात गरागरा फिरवला तरी खांद्याची कुरकुर वाढत नव्हती. आडवी झाली, की मात्र जीव कासावीस! तिच्या अकरा वर्षांच्या बहिणीला, रेणूला, हे कोडं काही सुटेना.

"शीर सरकली असंल," वस्ताद म्हणाले. "रेणे, चढ पाठीवर. तुडव चांगली."

कोल्हापुरातल्या त्या तालमीत २०७१ सालीही हीच रीत होती. अंग दुखलं, की पोरांनी पैलवानाच्या पाठीवर उभं राहून पायांनी तुडवायचं. तालमीत सोबती नावाचा यंत्रमानव होता. पण वस्ताद त्याला कुस्तीचे गुण मोजण्यापलीकडे कशाला हात लावू देत नसत.

रेणूने पाय उचलला, तोच सोबतीने तो वरच्या वर धरला.

"सोड की! ताईला लई दुखतंय!"

"पाय ठेवलास, तर तिचा जीव जाऊ शकतो," सोबती म्हणाला.

रेणू झटकन मागे सरली.

"ताई, सकाळच्या कुस्तीत मार कुठे बसला?" सोबतीने विचारलं.

"डाव्या बरगडीवर गुडघा लागला. पण तिथं आता एवढं दुखत न्हाई."

सोबतीने तळहातातून ध्वनिलहरी सोडून तिचं पोट तपासलं. "प्लीहा (डाव्या बरगड्यांखालचा, रक्त गाळणारा मऊ अवयव) फाटली आहे. आत रक्त साचतंय. रुग्णवाहिका बोलावली आहे."

रुग्णवाहिकेत सोबतीही बरोबर होता. रेणूला राहवेना. "रक्त पोटात, आणि दुखतोय खांदा? असं कसं असंल?"

"ते रक्त श्वासपटलाला (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा) झोंबतं. आडवं झालं, की वर सरकतं, म्हणून जास्तच. श्वासपटलाची नस मानेतून निघते, आणि खांद्याची खबरही तिथेच पोचते. दोन घरांना एकच घंटा असावी, तसं. मेंदूला सवय खांद्याच्या खबरीची, म्हणून तो खांद्यालाच धरून बसतो."

"मग माझा खांदा दुखला, तर?"

"बहुतेक वेळा स्नायू ताणलेला असतो, नाहीतर सांधा आखडलेला. हात हलवला, की दुखणं वाढतं. हलवूनही फरक पडत नसेल, तर कारण आत असू शकतं. पित्ताशयातल्या खड्यांनी कधी उजवा खांदा दुखतो, हृदयाच्या त्रासाने कधी डावा."

दुपारी दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या खोलीतून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "वेळेत आणलंत. रक्तस्राव थांबलाय. प्लीहाही वाचली."

रेणू ढसाढसा रडली. शेजारी वस्ताद भिंतीला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चाळीस वर्षं पोरांना पाठीवर चढवतोय मी," ते पुटपुटले. "एकदाबी इचारलं न्हाई, मार कुठं बसला म्हणून."

रेणूने बाहीने डोळे पुसले.

"उद्यापास्नं मी इचारणार, वस्ताद," ती म्हणाली. "मगच पाय ठेवणार."